जनीच्या कानातली खांड

ज्या नारायणाने सागराला मर्यादा घातली, त्यानेच खाडीकाठच्या माणसाच्या ओंजळीत चिखल ठेवला आणि सांगितले, तुझ्या शेताची मर्यादा तुझी तू राख. पनवेलच्या खाडीलगतच्या त्या गावाने ही आज्ञा पिढ्यान्‌पिढ्या पाळली होती. एका अंगाला खारे पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे आणि मध्ये मातीचा लांबच लांब बांध. उधाणाच्या भरतीला खाडी बांधाच्या छातीशी येऊन उभी राही. एखाद्या चिंबोरीने पोखरलेल्या बिळातून आधी केसाएवढी धार आत येई, मग बोटाएवढी, आणि बघता बघता बांधाला भगदाड पडे. या भगदाडाला गाव खांड म्हणे. खारे पाणी एकदा भातात शिरले, की पुढे दोन-तीन वर्षे त्या मातीत दाणा धरत नसे.

म्हणून गावाचा एक नेम होता. "खांड गेली!" ही हाक कुणीही देवो, हातातला घास टाकून धावायचे. फावडी, घमेली, पेंढ्याचे भारे घेऊन लहानथोरांनी बांधावर जायचे. हाक कुणाची, खरी की खोटी, हे सगळा बांध पायाखाली घातल्याशिवाय कुणी विचारायचे नाही. सज्जनहो, एकाच्या शेताची खांड ती साऱ्या गावाची खांड, हा त्या गावचा धर्म होता आणि तो कुठल्या पोथीत लिहिलेला नव्हता.

काशिरामची बायको जनी या गावात सून होऊन आली ती कान घेऊनच आली. तिचा बाप मिठागरावर राबलेला. पाण्याचे बोलणे त्याने लेकीला लहानपणीच शिकवले होते. बांधाला पाझर फुटला, की तो डोळ्याला दिसायच्या आधी बोलतो. ओठांतून बारीक वारा सोडावा तसा, सूं... असा. जनी बांधावर पालथी होई, कान मातीला लावी आणि बोट दाखवी. तिथे खणले की ओल लागे. सासू शेजारणींना सांगे, "माजी सून नाय ती, बांधाचा राखणदार हाय!"

पुढे जनीला क्षय झाला. सरकारी दवाखान्यात महिनोन्‌महिने सुया टोचून घेतल्या. रोग गेला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. देवाने प्राण ठेवला, आवाज नेला. कोंबड्याचे आरवणे गेले, सासूची हाक गेली, भजनातले टाळ गेले. उरली ती नुसती हलणारी तोंडे.

आणि हलणाऱ्या तोंडांच्या त्या गावात संशयाचा जन्म झाला. चार माणसे हसली की जनी नवऱ्याच्या दंडाला धरून विचारी, "काय झालं? काय बोलली ती?" काशिराम तळहात हवेत उडवी आणि ओठ हलवी, "काय नाय." लग्नात काय नाय, बारशात काय नाय, भांडणात काय नाय. काशिराम वाईट माणूस नव्हता हो! राबून राबून दमलेला, शब्दांचा गरीब. एक वाक्य बायकोला समजवायला हात, बोटे, भुवया, सगळे अंग कामाला लावावे लागे. तेवढ्यात ते वाक्य शिळे होऊन जाई. पण दहा-अकरा वर्षे ज्याला "काय नाय" हेच उत्तर मिळाले, त्याच्या मनाने काय समजावे? जनीने समजून घेतले, की आपल्या पाठीमागे सारे जग काहीतरी बोलते आहे आणि ते आपल्यापासून लपवायचे ठरले आहे.

मुलगा परेश शिकला, मुंबईत नोकरीला लागला, खांदा कॉलनीत बिऱ्हाड करून राहिला. त्याला कळले, की मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात बहिऱ्या माणसाच्या कानात यंत्र बसवतात. हे शहाण्णव सालचे सांगतो आहे. असे यंत्र त्या काळी लाखात एखाद्याच्या कानी असेल. सरकारने घेतलेल्या एका शेताचा मोबदला आला होता, तो सगळा परेशने आईच्या कानासाठी पुढे केला.

कानाच्या अगदी आत, शंखासारख्या जागेत, केसासारखी तार बसवली. कातडीखाली एक चकती ठेवली. जखम भरली, की बाहेरून दुसरी चकती लोहचुंबकाने तिला चिकटायची. तिची वायर गळ्यातल्या डबीला, आणि डबी जगाचा आवाज आत पोचवणार. तोवर महिनाभर थांबायचे होते.

आणि त्या थांबण्याच्याच दिवसांत, डबी अजून गळ्यात आली नव्हती तेव्हा, एके सकाळी चुलीपुढे बसलेल्या जनीच्या कानात आवाज सुरू झाला.

सूं...

तिच्या हातातली फुंकणी गळून पडली. हा आवाज ती जन्मभर ओळखत होती. बांध पाझरत होता.

ती धावत बांधावर गेली. पालथी झाली, मातीवर हात फिरवला. माती कोरडी. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "पाझर हाय. मला ऐकू येतोय."

काशिरामने बांधाकडे कान दिला, मग तळहात उडवला. "काय नाय."

पुढे डबी सुरू झाली. त्या दिवशी इस्पितळात काशिरामने "जने" म्हटले आणि ते तिला पत्र्यावर खडे टाकावेत तसे ऐकू आले. पण ऐकू आले! परेशच्या डोळ्यांना धारा लागल्या. जनी मात्र त्या खड्यांच्या पलीकडे कान लावून बसली होती. तिथे सूं चालूच होती. हळूहळू खड्यांचे शब्द झाले, शब्दांची वाक्ये झाली, ओठ बघत बघत ती बोलणे धरू लागली. सूं गेली नाही.

यंत्राची जुळणी करणाऱ्या वल्लरीताईंनी तिला समोर बसवून सावकाश सांगितले, "आजी, हा आवाज बाहेरचा नाही. तुमची कानाची शीर इतकी वर्षं रिकामी बसली होती. तिला आम्ही हलवलं. ती आता आपल्या आपण आवाज करते. पुष्कळांना होतं असं."

"शिरंत पाणी नसतं, ताई," जनी म्हणाली. "हा पाण्याचा आवाज हाय."

"तुम्हाला पाण्यासारखा वाटतो. कुणाला रातकिड्यांसारखा वाटतो, कुणाला शिट्टीसारखा. त्याच्यावर पहारा करू नका. अगदी शांत जागी बसू नका. डबी दिवसभर लावा, काहीतरी बारीक आवाज सोबतीला ठेवा. जितका कान लावाल तितका तो मोठा होईल."

"मंग डबी काढल्यावर पण कसा येतो?"

"तेच तर सांगतेय. म्हणूनच तो बाहेरचा नाही. आतली तार डबीशिवाय काही ऐकत नाही."

जनीने मान हलवली. पण मनात म्हणाली, हिला काय ठाऊक? तार माझ्या डोक्यात आहे, हिच्या नाही. ती आत बसून एकटीच ऐकत असेल. डबीला ऐकू येत नाही ते तिला ऐकू येत असेल.

असा संशय, नारायणा, माणसाच्या दारात आधी भिक्षा मागायला येतो आणि मग घराचा मालक होऊन बसतो! जनीने आधी यंत्रावर संशय घेतला. मग वल्लरीताईंवर. आणि मग, श्रावणातल्या एका दुपारी, तिने बांधावर दीर बुधाजीला पाहिले. त्याच्याबरोबर सफारी घातलेला एक परका माणूस होता. तो बांधाकडे हात करी, खाचरांकडे हात करी आणि बुधाजी मान डोलावी. थोड्या वेळाने काशिराम तिथे गेला. तिघे बराच वेळ बोलले.

काशिराम घरी आला तेव्हा जनीने विचारले, "तो कोण व्हता?"

आता तर तिच्या कानाला डबी होती. तोंडाने सांगितले असते तरी पोचले असते. पण काशिरामच्या हाताला सवय होती. तळहात उडाला. "काय नाय."

त्या क्षणी जनीच्या मनात सगळे जुळले. बांध पाझरतोय. हे दोघे भाऊ तो मुद्दाम पाझरू देताहेत. खारे पाणी आत आले की जमीन मेली. मेलेली जमीन भरावाला बरी, बिल्डरला बरी. म्हणून पाझर कुणाला ऐकू येत नाही! म्हणून डॉक्टरीणबाईसुद्धा सांगते, पहारा करू नको!

त्या दिवसापासून तिने नवऱ्याच्या ताटात भात वाढला, पण तोंडाकडे बघितले नाही. बांधावर तिच्या खेपा वाढल्या. बायका विचारीत, "जनीबाय, काय गो शोधतेस?" ती म्हणे, "काय नाय." आता हे उत्तर तिचेही झाले होते. आणि जितका ती कान लावी, तितकी सूं वाढे; जितकी सूं वाढे, तितका ती कान लावी. एकदा तर ती परेशला म्हणाली, "ही डबी मी खाडीत टाकीन. ज्या घरात खरं बोलत नाय, तिथं ऐकून काय करू?" परेश घाबरला. त्याने बापाला विचारले. बाप म्हणाला, "होईल ठीक."

भाद्रपदाची अमावास्या आली. सर्वपित्री. घरोघरी पितरांची पाने वाढलेली, वडे, खीर, भाजी, केळीच्या पानावर कावळ्यासाठी घास. आणि अमावास्या म्हणजे उधाण. भर दुपारी खाडी बांधाच्या काठोकाठ. काशिराम अंगणात पान घेऊन "काव, काव" करीत उभा होता. जनी मागच्या दारी बसली होती. तिच्या कानात त्या दिवशी सूं नव्हतीच, धबधबा होता. भात लोंबीला आलेला. उधाण चढलेले.

ती उठली, बांधाकडे धावली, आणि अकरा वर्षांत जी दिली नव्हती ती हाक तिने दिली.

"खांड गेली! धावा रे, खांड गेली!"

धन्य तो गाव! एका माणसाने विचारले नाही, की हाक कुणाची. वाढलेली पाने तिथेच राहिली. कुणाच्या हाताला वड्याचे तेल, कुणाच्या कपाळी गंध. पुरुष फावडी घेऊन, बाया पेंढ्याचे भारे घेऊन, म्हातारी माणसे काठी टेकीत बांधावर आली. बांधातून पाणी सोडायच्या उघाडीचे दार पाहिले, घट्ट बंद. बांधाची ही बाजू पाहिली, ती पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. भरतीचे पाणी काठाशी डुचमळत होते आणि आतली माती कोरडी ठणठणीत होती.

मग नेमाची मुदत संपली आणि तोंडे सुटली.

"हाक कोणाची?"

"वयनीची!" बुधाजी कमरेवर हात ठेवून म्हणाला. "वयनी, आमचे पितर आज कुत्र्यांबरोबर जेवले गो!"

हशा झाला. जनीने तो ऐकला. पत्र्यावर खडे पडावेत तसा. तिचा संयम सुटला.

"हस! तूच हस!" ती ओरडली. "कोणाला इकलीस रं जमीन? त्या सफारीवाल्याला? तू आनि तुजा भाऊ बांध फोडून घेणार, आनि मी येडी!"

बुधाजीचे तोंड पडले. लोक एकमेकांकडे बघू लागले. काशिराम पुढे आला. त्याचा तळहात सवयीने वर गेला आणि हवेत तसाच थांबला. भर गावासमोर बायकोने चोर म्हटले होते, आणि "काय नाय" एवढ्यावर ते मिटणारे नव्हते.

"जने," तो म्हणाला, "पाणी नाय आत."

"मला ऐकू येतंय."

"मला नाय येत."

"तुमचं मी कसं खरं मानू?" ती म्हणाली. "तुमी मला आजवर काय सांगितलंत?"

जनी बांधावर मांडी घालून बसली. तिच्या बापाची शिकवण तिच्याजवळ होती, आणि त्या शिकवणीवर तिचा अजून संशय नव्हता. पाझराला जोर असतो भरतीचा. खाडी उतरू लागली की पाझराचा आवाज बारीक होतो, आणि ओहोटीला तो मरतो. "मी हितं बसते," ती म्हणाली. "व्होटी लागू दे. बारीक झाला तर पाझर हाय, आनि तुमी खोटे. नाय झाला, तर मी खोटी."

गाव पांगला. बुधाजी पुटपुटत गेला. काशिराम गेला नाही. तो शेजारी बसला. मग जनीने विचारले, "जाताना काय बोलला भावजी?"

काशिराम म्हणाला, "बोलला, वयनीचं डोकं फिरलंय. परेशनं पैसा पान्यात घातला."

जनीने त्याच्याकडे वळून पाहिले. शब्द कडू होते. पण ते पुरते होते. "आनि तो सफारीवाला?"

"जमीन मागत व्हता. बुधाजीला भुरळ पडली. मी नाय बोललो. तीनदा आला, तीनदा नाय बोललो."

"मंग मला का नाय सांगितलंत?"

"तू घाबरशील म्हनून. आनि..." काशिराम बांधावरचे गवत उपटीत राहिला. "सांगायची सवयच मोडली गो. तुला सांगायचं म्हनजे हात दुखायचे. पयलं पयलं लाज वाटायची चारचौघांत हातवारे करायची. मंग ते सोपं पडायला लागलं."

संतांनी सांगितलेली शरणागती याहून वेगळी काय असते? दमलेला माणूस उन्हात बसून आपल्या बायकोपुढे आपला आळस मोजीत होता. आणि जनी विचारीत गेली. परेशच्या साखरपुड्यात सगळे का हसले होते? भटजी पाटावरून पडला म्हणून. शेजारीण त्या दिवशी रडत का आली होती? तिच्या लेकीला नांदवत नव्हते म्हणून. जनीने त्या शेजारणीशी तेव्हा बोलणे टाकले होते; वाटले होते, आपली चहाडी करून रडते आहे.

मग ती थांबली. ज्या प्रश्नाला तिने इतकी वर्षे हात लावला नव्हता, तो तिने विचारला. "सासूबाय जाताना तुमच्या कानाशी काय बोलल्या?"

काशिरामचा हात गवतातच राहिला.

"मी समोर व्हते," जनी म्हणाली. "माज्याकडं बघून बोलल्या. तुमी रडलात. मी विचारलं तर हात उडवलात. तवापासून मला वाटतंय, मी काय तरी चुकले त्यांचं."

"चुकलीस?" काशिरामचा आवाज फुटला. "आई बोलली, जनीला सांग, पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं तिनं माजं केलं. एवढंच बोलली नि गेली. मला त्या वक्ताला हातानं कसं सांगू ते कळंना. मंग तेरावं झालं, मंग कापणी आली. मंग सांगायची लाज वाटाय लागली, की इतके दिस का नाय सांगितलं."

जनीने पदर तोंडावर घेतला. चकती पदरात अडकून निसटली, वायर गळ्यात लोंबकळली. जगाचा आवाज गेला. राहिली ती सूं. ती रडली, खूप रडली, आणि रडता रडता सूं तिथेच होती, जशीच्या तशी.

डोळे पुसून तिने पाहिले. खाडी केव्हाच उतरली होती. बांधाच्या पायथ्याचा चिखल उघडा पडला होता. त्यावर निवट्या मासळ्या उड्या मारीत होत्या. पाणी दूर, मधल्या धारेत एवढेसे. बांधावर जोर टाकायला थेंब उरला नव्हता. आणि तिच्या कानात सूं होतीच. ना बारीक, ना जाड.

तिने चकती पुन्हा डोक्याला लावली. काशिराम घाबऱ्या डोळ्यांनी बघत होता. निकाल तिच्या तोंडून यायचा होता.

"पाझर नाय," जनी म्हणाली. "माजाच हाय."

डोक्याचा फडका सोडून काशिरामने तिच्या पायांवरचा चिखल पुसला.

दुसऱ्या दिवशी जनी घरोघर गेली आणि पितर उपाशी राहिल्याची क्षमा मागितली. कुणी तिला वडा दिला, कुणी टोमणा. बुधाजीने दोन्ही दिले. इस्पितळात तिने वल्लरीताईंना आवाजाचे सगळे वर्णन सांगितले. त्यांनी डबीची जुळणी पुन्हा केली आणि पहिलाच उपदेश पुन्हा केला. या वेळी जनीने तो पाळला. सकाळपासून डबी लावली, कामाच्या बरोबर नाम घेत राहिली, गुणगुणत राहिली. सूं कधी मागे सरे, कधी दमल्या दिवशी पुढे येई. गेली कधीच नाही. पण ती कशाचा आवाज आहे, हे विचारायला आता घरात माणूस होते, आणि त्या माणसाच्या उत्तरावर ती हातातले काम पुढे चालू ठेवी.

आश्विनात, कापणीच्या सुमारास, जनी ओसरीत तांदूळ निवडीत बसली होती. ओठांवर नाम. काशिराम अंगणात विळ्याला धार लावीत होता. सूं जरा चढली. जनीने लक्ष दिले नाही. आणखी चढली. तिने नाम थोडे मोठ्याने घेतले.

"जने! नळ बंद कर गो!"

"नळ नाय वो तो," ती शांतपणे म्हणाली. "माजा कान हाय."

"कान नाय, नळ हाय! हंडा भरून गेला, पानी उंबऱ्याशी आलं!"

जनीने मान वळवून पाहिले. मोरीतून खरोखरच पाणी ओसरीकडे निघाले होते, तांदळाच्या सुपाच्या दिशेने. ती सूप उचलून उठली, काशिराम विळा टाकून धावला, आणि दोघे एकमेकांवर आदळून त्या पाण्यात मटकन खाली बसले. "धावा रे, खांड गेली!" काशिराम ओरडला, आणि तांदळाचे सूप डोक्यावर धरून जनी इतकी हसली, की शेजारीण पेंढ्याचा भारा घेऊन दारात येऊन उभी राहिली.